‘दिवाळीनंतर बघू’ असं म्हणू नका

वसुबारस उजाडली, की दवाखान्यातली गर्दी ओसरू लागते आणि भाऊबीज झाली, की पुन्हा वाढते. मधल्या दिवसांत आजार सुट्टीवर गेलेले नसतात, रुग्णांनी तपासणी पुढे ढकललेली असते. ‘सणासुदीला कुठे डॉक्टरकडे जायचं? दिवाळी होऊ दे, मग बघू,’ असं म्हणत चार-पाच दिवस सहज निघून जातात. बहुतेकांचं त्यात काही बिघडत नाही. मात्र मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांना ही दिरंगाई महागात पडू शकते.

स्वीडनमधील संशोधकांनी १९९८ ते २०१३ या काळातल्या सुमारे २ लाख ८३ हजार हृदयविकाराच्या झटक्यांच्या नोंदी तपासल्या. नाताळच्या आदल्या दिवशी झटक्याचा धोका एरवीपेक्षा ३७ टक्क्यांनी जास्त आढळला. पंच्याहत्तरी ओलांडलेले, मधुमेही आणि आधीपासून हृदयविकार असलेले यांच्यात ही वाढ अधिक ठळक होती. यामागचं नेमकं कारण या अभ्यासातून सिद्ध होत नाही आणि तिथल्या नाताळची आपल्या दिवाळीशी थेट तुलनाही करता येत नाही. पण जागरण, धावपळ, जड जेवण आणि मनावरचा ताण दोन्हीकडे असतोच.

फराळ जास्त झाला की पोटात गॅस होतो, छातीत जळजळतं. त्यामुळे दिवाळीत छातीत दुखलं, की घरातले सगळे आधी ओवा आणि सोडा शोधतात. धोका इथेच आहे. छातीवर दडपण, दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, दरदरून घाम, धाप, मळमळ यांपैकी काही जाणवलं, तर ते ‘पित्त’ आहे असं घरीच ठरवू नका. मधुमेहींमध्ये आणि स्त्रियांमध्ये छातीत फारसं न दुखता नुसती धाप किंवा विलक्षण थकवा एवढंच लक्षण असू शकतं. अशा वेळी १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. रुग्णाला स्वतः गाडी चालवू देऊ नका. बंद झालेली रक्तवाहिनी जितक्या लवकर उघडेल, तितके हृदयाचे स्नायू वाचतात.

साखर वाढते, तशी घटतेही

दिवाळीत साखर वाढते हे मधुमेहींना सांगावं लागत नाही. ती घटूही शकते, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. पहाटे उठून अभ्यंगस्नान, नेहमीच्या वेळी इन्सुलिन किंवा गोळी, मग पूजा आणि ‘सगळे जमल्यावर एकत्र फराळ करू’ म्हणून ताटकळणं. एवढ्यात हातपाय थरथरतात, घाम सुटतो, बोलणं अडखळतं. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, की तातडीने तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. हाताशी आहे म्हणून लाडू देऊ नका, तुपामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा पोहोचते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, रुग्णालय गाठा.

‘शुगर फ्री’ मिठाईवरही विसंबू नका. साखर नसली, तरी त्यात खवा, मैदा आणि तूप असतंच. त्यापेक्षा जेवणानंतर अर्धी करंजी मोजून खाल्लेली बरी. पण तीही प्रत्येक घरी नको.

रक्तदाब असलेल्यांनी गोडापेक्षा तिखटाकडे लक्ष द्यावं. चिवडा, शेव, चकली आणि कडबोळी यांत मीठ भरपूर असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम चमचाभर मीठ पुरेसं आहे. चार घरी वाटीभर चिवडा झाला, की ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. हृदय अशक्त असलेल्यांच्या पायांवर सूज आली, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं किंवा आडवं झाल्यावर दम लागला, तर भाऊबीजेची वाट पाहू नये.

घरातली बाई विसरू नका

फराळ करणारी बाई स्वतःच रुग्ण असते, हे घर अनेकदा विसरतं. भट्टीसारख्या तापलेल्या स्वयंपाकघरात तासन्‌तास उभं राहायचं, सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं, रात्री उशिरा झोपून पहाटे उठायचं. यात तिची रक्तदाबाची गोळी हमखास राहते. फराळाच्या यादीसोबत तिच्या गोळ्यांची वेळही कोणीतरी लक्षात ठेवायला हवी.

सणाआधी एवढं करा

- किमान दहा दिवसांची औषधं आधीच आणून ठेवा. गावी जाताना ती हातातल्या पिशवीत ठेवा. इन्सुलिन तापलेल्या गाडीत राहू देऊ नका.
- दमेकऱ्यांनी रोजचा इन्हेलर बंद करू नये आणि तातडीचा इन्हेलर खिशात ठेवावा.
- फटाक्याने भाजल्यास वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. हळद, तूप किंवा टूथपेस्ट लावू नका.
- आपले डॉक्टर कोणत्या दिवशी नाहीत आणि जवळचं कोणतं रुग्णालय चोवीस तास उघडं आहे, हे विचारून घ्या.

नियमित तपासणी आठवडाभर पुढे गेली, तर चालू शकतं. नवं दुखणं, नवी धाप किंवा चुकलेलं औषध यांना मात्र मुहूर्त नसतो. त्यांची दखल लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीही घ्यायलाच हवी.