मल्ल कोणत्या जिल्ह्याचा? : जवळा बाजार परिसरातील कुस्तीविषयक चर्चा आणि जिल्हाभावना

प्रस्तावना

मराठवाड्याच्या ग्रामजीवनात कुस्ती हा जितका पाहण्याचा तितकाच बोलण्याचा विषय आहे. फड संपतो, हलगी थांबते, आखाड्याची माती वाऱ्यावर उडून जाते; चर्चा मात्र पुढच्या जत्रेपर्यंत चालू राहते. कोणी घिस्सा मारला, कोणाची पकड सैल पडली, पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवावयास नको होती, अशा तपशिलांपासून आरंभ होऊन ही चर्चा बहुधा एका प्रश्नापाशी येऊन ठेपते : ‘आपल्या जिल्ह्याचे काय?’ राज्य पातळीवरील ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा जवळ आली की हा प्रश्न अधिकच तीव्र होतो.

वरवर साधा वाटणारा हा प्रश्न दोन गृहीतकांवर उभा आहे. जिल्हा नावाची एक स्थिर वस्तू आहे, हे पहिले. आणि मल्ल त्या जिल्ह्याचा असतो, हे दुसरे. हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजारसारख्या गावातून पाहिले असता ही दोन्ही गृहीतके डळमळीत असल्याचे ध्यानात येते. तरीही चर्चेतील आपलेपणा कमी होत नाही. हा आपलेपणा कशावर टिकून असतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

जिल्ह्याचे वय

जवळा बाजार हे औंढा नागनाथ तालुक्यातील गाव. नावातच बाजार असल्याने आसपासच्या खेड्यांतील माणसांची येथे नित्य ये-जा असते. परभणी आणि हिंगोली ही दोन्ही जिल्ह्याची ठिकाणे या परिसराला सारखीच परिचयाची आहेत. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांचा हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजारांच्या घरात होती.

याचा अर्थ असा की, आज पन्नाशी ओलांडलेला प्रेक्षक आपल्या तरुणपणी ज्या मल्लांसाठी फेटा उडवीत होता, ते सारे ‘परभणीचे’ होते. घर तेच, शेत तेच, तालीमही तीच. परंतु जिल्हा बदलला. सातबाऱ्यावरील जिल्हा एका शासकीय अधिसूचनेने बदलू शकतो. मनातील जिल्हा बदलण्यास मात्र अधिक काळ लागतो. त्यामुळेच या भागातील वडीलधारी मंडळी ‘आपला’ म्हणताना कधी हिंगोली तर कधी परभणी अभिप्रेत धरतात आणि ऐकणाऱ्या कोणालाही त्यात विसंगती वाटत नाही.

असा बदल एकट्या हिंगोलीच्या वाट्याला आलेला नाही. १९८१ मध्ये औरंगाबादमधून जालना आणि १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला. १९६९ चे महाराष्ट्र केसरी हरिश्चंद्र बिराजदार हे निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे. आज सर्वत्र त्यांचा उल्लेख ‘लातूरचे बिराजदार मामा’ असा होतो. वास्तविक, ज्या वर्षी त्यांनी गदा जिंकली त्या वर्षी लातूर नावाचा जिल्हाच अस्तित्वात नव्हता. नव्या जिल्ह्याने आपल्या जन्माआधीचा पराक्रम आपल्या नावे करून घेतला. यास कोणी खोटेपणा म्हणणार नाही. समाज स्वतःसाठी पूर्वज निवडतो, तसाच हा प्रकार आहे. लातूरला असा पूर्वज लाभला, ही गोष्ट हिंगोलीच्या कुस्तीशौकिनांना अधूनमधून टोचते.

फडाची भाषा आणि स्पर्धेची भाषा

जिल्ह्याची जाणीव कुस्तीत कोठून आली, हे समजून घेण्यासाठी जत्रेतील दंगल आणि राज्य अजिंक्यपद स्पर्धा यांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे.

जत्रेच्या फडात मल्लाचा पुकारा होतो तो गावाच्या आणि वस्तादाच्या नावाने. ‘अमुक गावचा, तमुक वस्तादाचा पठ्ठा’ एवढी ओळख तेथे पुरेशी असते. लहान मुलांच्या खोबऱ्या-नारळाच्या कुस्त्यांपासून प्रारंभ होतो आणि दिवस कलताना शेवटची मोठ्या इनामाची कुस्ती लागते. जोड तेथल्या तेथे जुळविली जाते. निकाल चितपटीने, पाठ मातीला लागली की संपले. गुण, फेऱ्या, तांत्रिक सरशी यांना तेथे स्थान नाही. अशा फडात जिल्हा हा घटक जवळजवळ अनुपस्थित असतो. परगावचा मल्ल चांगला लढला तर यजमान गावच त्याला खांद्यावर घेते, आणि प्रेक्षकांतून नोटा त्याच्याही हातात पडतात.

राज्य स्पर्धेची रचना याहून वेगळी. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. महाराष्ट्र केसरी किताबाची पहिली स्पर्धा १९६१ मध्ये औरंगाबाद येथे, म्हणजे मराठवाड्याच्याच भूमीवर झाली आणि सांगलीकडचे दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. या स्पर्धेत संघ जिल्ह्यांचे असतात. जिल्हा निवड चाचणी, मग वजनगट, मग गादी आणि माती असे दोन स्वतंत्र विभाग. अखेरीस गादी विभागाचा विजेता आणि माती विभागाचा विजेता यांच्यात किताबाची लढत. तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि दहा गुणांच्या आघाडीने मिळणारी तांत्रिक सरशी हे मुक्त शैलीचे आंतरराष्ट्रीय नियमही ओघाने आले.

जुन्या प्रेक्षकाला गुणांची कुस्ती रुचत नाही. पाठ लागलीच नाही तर हरला कसा, हा त्याचा सवाल असतो आणि त्याच्या परंपरेत तो रास्तच आहे. गावाचा मल्ल ‘जिल्ह्याचा मल्ल’ झाला तो मात्र या स्पर्धेमुळेच. जिल्हाभावना ही मातीतून उगवलेली नाही. निवड चाचणीच्या कागदावरून ती आखाड्यात उतरली आणि मग लोकांनी ती आपलीशी केली.

प्रतिनिधित्वाचा पेच

येथे चर्चेतील खरा वादाचा मुद्दा येतो. राज्य स्पर्धेत एका जिल्ह्याच्या वाट्याला एका वजनगटात मोजक्याच जागा येतात. पुणे, कोल्हापूर, सोलापूर यांसारख्या तालमींनी गजबजलेल्या भागांत एकेका जागेसाठी अनेक तुल्यबळ मल्ल असतात. पुणे आणि कोल्हापूर येथे शहर आणि जिल्हा असे स्वतंत्र संघ असूनही तेथील चुरस ओसरत नाही. उलट ज्या जिल्ह्यांत तालमी विरळ आहेत, तेथे जागा असतात, लढणारे कमी असतात. साहजिकच मल्ल एका जिल्ह्यात जन्मतो, दुसऱ्यात सराव करतो आणि तिसऱ्याच्या नावाने आखाड्यात उतरतो.

डिसेंबर २०१८ मध्ये जालना येथे अभिजित कटके याला नमवून महाराष्ट्र केसरी झालेला बाला रफिक शेख हा मूळचा सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याचा. तो लढला बुलढाण्याकडून. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात झालेल्या स्पर्धेचे उदाहरण हिंगोलीकरांना अधिक जवळचे आहे. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड याला चितपट करून शिवराज राक्षे याने गदा पटकावली. राक्षे खेड तालुक्यातील, म्हणजे पुणे जिल्ह्यातील. त्याने प्रतिनिधित्व केले नांदेडचे. त्याचे आणि गायकवाडचेही गुरू काका पवार. ते मूळ लातूर जिल्ह्याचे, त्यांचे कुस्ती संकुल मात्र पुण्यात कात्रजला. एका गदेवर इतक्या गावांचा हक्क सांगता येईल.

हिंगोलीचा शेजारी असलेल्या नांदेडने गदा आणली, याचा आनंद मानावा की नांदेडच्या मातीत वाढलेला मल्ल तेथे नव्हता याचे वैषम्य मानावे? दोन्ही बाजूंनी बोलणारे भेटतात. एक पक्ष म्हणतो, यादीत नाव नांदेडचे आहे, पोरांना तेवढे पुरे. दुसरा पक्ष विचारतो, बाहेरच्या मल्लाला जागा दिली तर ज्या स्थानिक पोराने चाचणीची तयारी केली होती त्याने काय करावे? दुसऱ्या पक्षाचा प्रश्न अधिक मूलगामी आहे. कारण बाहेरचा मल्ल येतो तो जागा रिकामी असते म्हणून, आणि जागा रिकामी राहते ती तालीम नसते म्हणून.

उलट दिशेचा प्रवास तर नेहमीचाच. बिराजदार कोल्हापूरच्या तालमीत घडले आणि पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले. तेथे त्यांच्या हाताखाली तयार झालेला राहुल आवारे हा बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा. २०१८ मध्ये गोल्ड कोस्ट येथे राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०१९ मध्ये नूर-सुलतान येथे जागतिक स्पर्धेचे कांस्य त्याने मिळविले. दूध, बदाम, तूप, प्रवास, निवास यांचा खर्च कोरडवाहू शेतीवर भागत नाही; सरावाला बरोबरीची जोड गावात मिळत नाही. म्हणून मल्ल गाव सोडतो. त्यास जिल्ह्याशी केलेली प्रतारणा म्हणणारे लोक त्याच्या खुराकाचा हिशेब कधी मांडत नाहीत, हे येथे नमूद करणे अवश्य आहे.

आयर्लंडचा दाखला

जिल्हानिष्ठा आणि खेळ यांचे नाते सर्वांत स्पष्टपणे आयर्लंडमध्ये दिसते. १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्लस या गावी मायकेल क्यूसॅक, मॉरिस डेव्हिन आदींनी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनची स्थापना केली. लाकडी काठीने खेळावयाचा हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल या देशी खेळांना संघटित रूप देणे हा तिचा हेतू होता. १८८७ च्या पहिल्या अखिल आयर्लंड स्पर्धेत प्रत्येक काउंटीच्या वतीने तिचा विजेता क्लबच उतरला होता; हर्लिंगचे पहिले अजिंक्यपद टिपेररीला मिळाले ते थर्लसच्या संघामुळे. म्हणजे तेथेही आरंभ गावापासून झाला आणि जिल्हा मागाहून आला.

विशेष हे की, या काउंट्या इंग्रजी सत्तेने कारभाराच्या सोयीसाठी आखल्या होत्या. ज्या सत्तेविरुद्ध राष्ट्रीय चळवळ उभी राहिली, तिच्याच सीमारेषा त्या चळवळीच्या खेळांनी प्रिय केल्या. पुढे त्या रेषांचा शासकीय अर्थ क्षीण झाला. उत्तर आयर्लंडमध्ये १९७३ पासून काउंटी हा स्थानिक कारभाराचा घटक राहिला नाही. १९९४ मध्ये डब्लिन काउंटीचे तीन भाग झाले. तरीही सहा उत्तरी काउंट्यांचे संघ खेळतात आणि डब्लिनचा संघ एकच आहे. शासनाने जिल्हा मोडला, खेळाने तो मोडू दिला नाही. महाराष्ट्रात जिल्ह्याचे विभाजन झाले की कालांतराने क्रीडा संघटनेचेही विभाजन होते. परभणी-हिंगोलीच्या चर्चेत जो संभ्रम जाणवतो, तो डब्लिनच्या प्रेक्षकाला ठाऊक नाही.

लिट्रिम या काउंटीचे उदाहरण हिंगोलीच्या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. अवघ्या ३५ हजारांच्या आसपास लोकसंख्या. अखिल आयर्लंड फुटबॉलचे अजिंक्यपद तिला कधीही मिळालेले नाही. प्रांतिक विजेतेपद केवळ दोनदा, १९२७ आणि १९९४ मध्ये. या दोन विजयांच्या मधल्या ६७ वर्षांत पिढ्या सरल्या, पण काउंटीचा संघ बंद पडला नाही, की तिचे प्रेक्षक शेजारच्या बलाढ्य काउंटीचे झाले नाहीत. पराभवाची चर्चा हीदेखील निष्ठेचीच चर्चा असते.

ही तुलना अर्थात एका मर्यादेपर्यंतच जाते. गेलिक खेळाडू हौशी असतो, त्याला खेळाचे वेतन नसते. त्याचे नाते आपल्या स्थानिक क्लबशी आणि क्लबमार्फत काउंटीशी असते. मराठवाड्यातील मल्लाला कुस्तीवरच पुढची नोकरी आणि घर उभे करावयाचे असते. लिट्रिमच्या खेळाडूला मिळणारे स्थैर्य गृहीत धरून त्याची निष्ठा मल्लाकडून मागणे न्याय्य ठरणार नाही.

चर्चेबाहेर राहिलेल्या

पारावरच्या या चर्चेत बोलणारे पुरुष, आणि चर्चाविषय झालेलेही पुरुषच. मराठवाड्याचे अलीकडचे ठळक क्रीडायश मात्र मुलींच्या नावावर आहे. उस्मानाबादची (आजचे धाराशिव) सारिका काळे हिला खो-खोसाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या महिला संघाने नेपाळला हरवून अजिंक्यपद मिळविले. त्या संघाची कर्णधार प्रियंका इंगळे ही मूळची बीड जिल्ह्यातील केज तालुक्याची, खेळाने घडली पुणे परिसरात. महिला महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. ‘जिल्ह्याचे काय?’ या प्रश्नाचे उत्तर कदाचित शाळेच्या खो-खोच्या मैदानावर तयार होत असेल. फडाकडे तोंड करून बसलेल्यांना ते दिसत नाही.

नोंदीचा प्रश्न

निकालाच्या यादीत मल्लाच्या नावापुढे एकच जिल्हा लिहिला जातो. त्यामुळे बाला रफिक बुलढाण्याचा ठरतो आणि करमाळा दिसत नाही. त्याच न्यायाने १९९९ पूर्वी वसमत, औंढा, कळमनुरी भागातून लढलेले मल्ल ‘परभणी’ या एका शब्दात सामावून जातात. त्यांची गावे, त्यांचे वस्ताद आणि त्यांनी गाजविलेल्या जोडी आज केवळ वृद्ध प्रेक्षकांच्या बोलण्यात शिल्लक आहेत. ज्याला आपण रिकामपणाच्या गप्पा समजतो, तो या परिसराच्या कुस्तीचा बहुतेक एकमेव दफ्तरखाना आहे, आणि त्यातील साक्षीदार दरवर्षी कमी होत आहेत.

ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास, समाजशास्त्र आणि शारीरिक शिक्षण या विभागांना ही नोंद विद्यार्थ्यांकरवी सहज करता येण्याजोगी आहे. त्यासाठी यादीतील एका रकान्याऐवजी तीन रकाने आखावे लागतील : जन्मगाव, तालीम व वस्ताद, आणि प्रतिनिधित्वाचा जिल्हा. १९९९ पूर्वीच्या मल्लांच्या तिसऱ्या रकान्यात परभणी हेच नाव राहील. ते खोडून तेथे हिंगोली लिहिण्याचे कारण नाही. जवळा बाजार आणि त्याच्या आसपासची गावे पहिल्या रकान्यात येतील.