पावसाळा, फिल्म आणि मंडळाचे टी-शर्ट

दहीहंडी आठवड्यावर आली की मुंबई-ठाण्याच्या छपाईवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते. गोविंदा पथकांचे टी-शर्ट रवाना होतात न होतात, तोच गणेश मंडळांच्या ऑर्डरी दारात उभ्या. त्याआधी वारीची घाई उरकलेली असते. म्हणजे धंद्याचा खरा हंगाम नेमका भर पावसात येतो, हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असताना. आणि यातलं बरंचसं काम आता ज्या डीटीएफ पद्धतीने होतं, तिच्या कच्च्या मालाला ओल अजिबात सोसत नाही.

डीटीएफ म्हणजे डायरेक्ट टू फिल्म. चित्र थेट कापडावर न छापता आधी पारदर्शक फिल्मवर उलटं छापतात. खाली रंग, त्यावर पांढऱ्या शाईचा थर. शाई ओली असतानाच तिच्यावर गोंदाची बारीक पावडर पसरतात, फिल्म झटकून जादा पावडर पाडतात आणि उरलेली ओव्हनमध्ये वितळवतात. तयार झालेलं स्टिकर टी-शर्टवर ठेवून साधारण १५० ते १६० अंशांवर १०-१५ सेकंद हीट प्रेस मारली की चित्र कापडाला धरतं आणि फिल्म सोलून निघते. स्क्रीन बनवण्याचा खर्च नाही, त्यामुळे पाच टी-शर्टची ऑर्डरही परवडते.

ही फिल्म पाण्याच्या बाटलीच्याच प्लास्टिकची, म्हणजे पीईटीची असते. जाडी साधारण ७५ मायक्रॉन. हे प्लास्टिक पाणी जवळजवळ शोषत नाही. पण शाई धरून ठेवण्यासाठी त्याच्या एका बाजूला खास लेप दिलेला असतो आणि शाई पिणारा हा लेप हवेतली वाफही तितक्याच सहज पितो. सगळी गडबड इथे होते.

ओलावलेल्या फिल्मवर शाई जागच्या जागी बसत नाही, ती पसरते. ठळक चित्रात ते चटकन दिसत नाही. मंडळाच्या नावात मात्र लगेच उघडं पडतं: ‘श्री’च्या वेलांटीचं टोक फुगतं, अनुस्वार शेजारच्या रेषेला चिकटतो, स्थापना-वर्षाचे बारीक आकडे बुजतात. पावडरही कोऱ्या जागी चिकटून बसते आणि प्रेसनंतर काळ्या टी-शर्टवर अक्षरांभोवती बारीक कण उमटतात. छपाईवाला नोझल साफ करतो, शाई बदलतो, मशीनला दोष देतो. बिघाड मात्र रोल ठेवलेल्या कोपऱ्यात झालेला असतो. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये नेमकी उलटी तऱ्हा. कोरड्या हवेत फिल्मवर स्थिर वीज साठते आणि पावडर नको तिथे ओढली जाते. म्हणून ४० ते ६० टक्के आर्द्रता आणि २० ते २५ अंश तापमान हा सुरक्षित पट्टा मानतात. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र काही शे रुपयांत मिळतं. महागडी मशीन घेणाऱ्याने त्यात कंजुषी करावी, हे पटत नाही.

रोल मूळ पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, तोंड घट्ट बंद करून खोक्यात ठेवावा. जमिनीवर नको, पावसाने भिजणाऱ्या भिंतीला टेकूनही नको. पावडरचा डबाही असाच घट्ट बंद हवा, नाहीतर गुठळ्या होतात. सर्वांत मोठी चूक रात्री होते. एसी बंद करून शटर ओढलं जातं आणि मशीनवर चढवलेला रोल सकाळपर्यंत खोलीतली ओल पीत राहतो. उतरवून पिशवीत घालायला दोन मिनिटं पुरतात. फिल्म धरताना कडेलाच धरावी; लेपावर बोटाचा तेलकटपणा लागला की तिथे शाई धरत नाही.

छापून झालेल्या स्टिकरांची जपणूक वेगळी. नोझल वाळू नये म्हणून शाईत ग्लिसरीनसारखे ओल धरून ठेवणारे द्रव असतात. ओव्हनमध्ये ते पुरते उडाले नाहीत, तर काही दिवसांनी स्टिकरवर तेलकट ओल सुटते. अशी स्टिकरं तापलेल्या प्रेसखाली, पण तिचा स्पर्श होऊ न देता, थोडा वेळ धरली तर बहुतेकदा सुधारतात. गठ्ठा आडवा ठेवावा, मध्ये बटर पेपर घालावा, ऊन लागू देऊ नये.

टी-शर्टचंही तेच. सुती कापड आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल सहज धरून असतं, म्हणून स्टिकर ठेवण्याआधी नुसत्या कापडावर पाचेक सेकंद प्रेस मारून वाफ काढतात. घाईत हीच पायरी गाळली जाते आणि दोन-तीन धुण्यांत चित्राच्या कडा उचकटतात.

मंडळाचे कार्यकर्ते आगमनाच्या आदल्या दिवसापर्यंत वाढत असतात, त्यामुळे जाणते छपाईवाले स्टिकरं थोडी जास्तच छापून ठेवतात. त्या पाकिटावर छपाईची तारीख आणि ती फिल्म गरम असताना सोलायची की थंड झाल्यावर, एवढं लिहिलेलं असावं. महिन्यांनी पाकीट उघडलं तर पहिलं स्टिकर जुन्या कापडाच्या तुकड्यावर लावून, धुऊन बघावं आणि मगच नव्या टी-शर्टला हात घालावा.