वाळवंटांतील आवाज : नभोवाणी आणि ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींचें संगीत

नभोवाणी हें घरबसल्या देशोदेशींचें संगीत ऐकविणारें साधन आहे, असें आपण सहज म्हणतों. तें खरें आहे. परंतु त्या बोलण्यांत एक प्रश्न दडलेला असतो. ज्यांचें गाणें कानीं पडतें, त्यांनींच तें ऐकविलें आहे, कीं दुसऱ्या कोणी त्यांच्यापासून घेऊन ऐकविलें आहे? वरवर पाहतां हा भेद क्षुल्लक वाटेल. गाणें तेंच, गळा तोच. मग ध्वनिक्षेपकापुढें कोण बसलें आहे याची पंचाईत श्रोत्यानें कां करावी? या प्रश्नाचें उत्तर ऑस्ट्रेलिया खंडाच्या अगदीं मध्यभागीं, अ‍ॅलिस स्प्रिंग्ज नांवाच्या गांवीं, विसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत फार स्पष्टपणें मिळालें.

ऑस्ट्रेलियाचें नांव निघालें कीं आपल्याकडे क्रिकेटचा संघ आणि कांगारू डोळ्यांपुढें येतात. त्या भूमीचे मूळचे रहिवासी मात्र सहसा आठवत नाहींत. १७८८ सालीं इंग्रजांनीं सिडनी येथें आपली पहिली वसाहत केली, तेव्हां त्या खंडांत अडीचशेंहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. या बोलीभाषा एकीच्या पोटांतल्या नव्हेत; पुष्कळशा परस्परांस न समजणाऱ्या, स्वतंत्र भाषा होत्या. पुढें जमिनी गेल्या, रोगराईनें आणि बंदुकीनें माणसें गेलीं, आणि विसाव्या शतकांतील कित्येक दशकें मुलांना सरकारी हुकुमानें आईबापांपासून तोडून संस्थांत ठेवण्यांत आलें. अशा संस्थांत घरची भाषा बोलल्यास शिक्षा होत असे. या दुर्दैवी प्रकरणाची सरकारी चौकशी होऊन तिचा अहवाल १९९७ सालीं प्रसिद्ध झाला. भाषांची आजची स्थिति २०२० सालच्या राष्ट्रीय अहवालावरून कळते : १२३ भाषा कोणत्या ना कोणत्या रूपांत वापरांत आहेत अथवा पुन्हा शिकल्या जात आहेत, पण लहानांपासून थोरांपर्यंत सर्वांच्या तोंडीं असलेल्या, म्हणजे खऱ्या अर्थानें सुदृढ, अशा भाषा अवघ्या १२ उरल्या आहेत.

आतां, भाषा आणि गाणें यांचा संबंध सर्वत्रच निकटचा आहे. परंतु या लोकांच्या ठिकाणीं तो विशेष आहे. लिपि नसलेल्या या समाजानें आपलें सारें ज्ञान गाण्यांत सांठविलें. सृष्टीच्या आरंभीं पूर्वजांनीं ज्या वाटेनें प्रवास केला, त्या वाटेवरील प्रत्येक पाणवठा, टेकडी, खडक आणि वृक्ष यांचें एकेक कडवें असतें. कडव्यांचा क्रम ज्याला मुखोद्गत, त्याला वाळवंटांतील वाट ठाऊक. पिचंजारा लोक अशा गायनास ‘इन्मा’ म्हणतात. चार-दोन शब्दांची ओळ त्याच लयींत पुनःपुन्हा म्हटली जाते. स्वर वरून आरंभ करून पायरीपायरीनें खालीं उतरतो आणि खालच्या स्वरावर स्थिरावतो. ताल दोन लाकडी दांडक्यांचा किंवा टाळ्यांचा. डिजरीडू नांवाचें लांब पोकळ लाकडाचें वाद्य सर्वच आदिवासींचें आहे अशी बाहेर समजूत आहे. वस्तुतः तें मूळचें उत्तर भागांतलें असून मध्यभागच्या वाळवंटांत तें पूर्वापार नव्हतें.

शिवाय गाणें हें तेथें कोणाचें तरी असतें. अमुक वाटेचें गाणें अमुक कुळाचें. तें म्हणण्याचा अधिकार वारशानें येतो. कांहीं गाणीं फक्त स्त्रियांचीं, कांहीं फक्त दीक्षा झालेल्या पुरुषांचीं. इतरांनीं तीं ऐकणेंही वर्ज्य. उत्तर प्रांतांत १९७६ सालीं आदिवासींच्या जमीनहक्काचा कायदा झाला, तेव्हां जमीन आमची आहे हें दाखविण्यासाठीं वृद्ध स्त्रीपुरुषांनीं चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांपुढें गाणीं म्हणून आणि नृत्यें करून पुरावा दिला. आपल्याकडे सातबाराच्या उताऱ्याचें जें काम, तें तेथें गाण्यानें केलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

असें हें संगीत बाहेरच्या जगाला प्रथम कळलें तें संशोधकांच्या यंत्रांमुळें. १९०१ सालीं बाल्डविन स्पेन्सर यांनीं मध्य ऑस्ट्रेलियांत मेणाच्या नळकांड्यांवर गाणीं उतरून घेतलीं. टास्मानिया बेटावर फॅनी कॉक्रेन स्मिथ या बाईंचा आवाज १८९९ व १९०३ सालीं असाच मुद्रित झाला. त्या बेटाच्या मूळ भाषेंतील गायनाचें एवढेंच मुद्रण आज शिल्लक आहे. पुढें १९४८ सालीं ऑस्ट्रेलियन नभोवाणीचे कॉलिन सिम्प्सन हे तारेवर ध्वनि उतरविणारें यंत्र घेऊन उत्तरेकडील आर्नहेम लँडमध्यें गेले, आणि तेथील गाणीं शहरांतील घराघरांत ऐकूं गेलीं. हें कार्य मोलाचें होतें यांत शंका नाहीं. परंतु येथें बोलणारा एक, ऐकणारा दुसरा, आणि ज्याच्याविषयीं बोलणें चाललें तो तिसरा, असा प्रकार होता. आदिवासी हा विषय होता. निवेदकही नव्हता आणि श्रोताही नव्हता.

हा क्रम पालटावयास १९७२ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं अ‍ॅडलेड येथील विद्यापीठाच्या नभोवाणी केंद्रावरून आदिवासींनीं स्वतः सिद्ध केलेला कार्यक्रम प्रथमच ऐकूं आला. नंतर १९८० सालीं अ‍ॅलिस स्प्रिंग्ज येथें फ्रेडा ग्लिन, जॉन मॅकुंबा आणि फिलिप बॅटी यांनीं मध्य ऑस्ट्रेलियन आदिवासी प्रसारसंघ स्थापन केला. आरंभीं स्वतःचें केंद्र नव्हतें. दुसऱ्यांच्या केंद्रांवर थोडा थोडा वेळ मागून घेऊन कार्यक्रम होत, आणि ध्वनिफितींवर बातम्या व गाणीं भरून त्या दूरच्या वस्त्यांकडे धाडल्या जात. १९८५ सालीं संघाचें स्वतःचें केंद्र सुरू झालें. अरंडा, लुरिचा, वार्लपिरी, पिचंजारा इत्यादि भाषांत तेथून बोलणें होऊं लागलें. ज्या भाषेसाठीं आजीनें शाळेंत मार खाल्ला, तीच भाषा नातवाला पेटींतून ऐकूं आली. या एका गोष्टीचा परिणाम कोणत्याही व्याख्यानानें झाला नसता.

त्याच वर्षीं एक संकटही उभें राहिलें. ऑस्ट्रेलियानें आपला पहिला दळणवळणाचा उपग्रह १९८५ सालीं सोडला. आजवर ज्या वस्त्यांना शहरी कार्यक्रम पोहोंचत नव्हते, तेथें आतां दिवसरात्र इंग्रजी चित्रवाणी येणार होती. ज्या वस्त्यांत भाषा टिकल्या होत्या, त्या बव्हंशीं दूरपणामुळेंच टिकल्या होत्या. तो दूरपणाच आतां नाहींसा होत होता. वृद्धांना भीति वाटली ती यथार्थ होती. तिच्यावर उपाय दोन झाले. अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या संघानें चित्रवाणीचा परवाना मिळविण्यासाठीं झगडून तो मिळविला. ‘इम्पार्जा’ नांवाची ती वाहिनी जानेवारी १९८८ मध्यें सुरू झाली. दुसरा उपाय सरकारनें १९८७ सालीं योजिला. दूरच्या वस्त्यांना उपग्रहाचा ध्वनि ग्रहण करण्याचीं यंत्रें देण्यांत आलीं, आणि तीं अशीं होतीं कीं वस्तीला वाटेल तेव्हां वरून येणारा कार्यक्रम थांबवून तेथें स्वतःच्या भाषेंतील कार्यक्रम घालतां यावा. योजना अपुरी होती. शिक्षण व दुरुस्ती यांसाठीं पैसा कमी पडे. पण ती कळ दाबण्याचा अधिकार वस्तीच्या हातीं आला, हें तिच्यांतील महत्त्वाचें तत्त्व होय.

या केंद्रांवरून केवळ जुनीं गाणींच ऐकविलीं जात असतील असें मात्र समजूं नये. जिवंत समाजाचें संगीत पदार्थसंग्रहालयांत राहत नाहीं. गुरांच्या छावण्यांवर काम करणाऱ्या आदिवासींनीं गोऱ्या गुराख्यांची गिटारीवरील गाणीं कधींच आपलीशीं केलीं होतीं. दूरच्या वस्त्यांतून दौरे काढणारा स्लिम डस्टी हा गायक त्यांचा फार आवडता. १९८० च्या आसपास अ‍ॅडलेडच्या तरुणांनीं जमैकाच्या रेगे संगीताचा ठेका उचलला. मग पापुन्या येथील वारुम्पी बँड या मंडळीनें १९८३ सालीं लुरिचा भाषेंत, तुरुंगांतून सुटून आलेल्या माणसाविषयींचें एक गीत ध्वनिमुद्रित केलें. आदिवासी भाषेंतील पहिलें रॉक पद्धतीचें गीत तें हेंच. वाद्यें परकीं, ठेका परका. पण शब्द, दुःख आणि विनोद घरचा. अशा गाण्यांनीं तरुण पिढीला एक गोष्ट पटली : आपली भाषा केवळ आजोबांच्या विधींपुरती नाहीं, ती आजच्या गोष्टीही बोलूं शकते. त्याच संघानें दारूच्या व्यसनाविषयीं आणि एड्स रोगाविषयीं निरनिराळ्या भाषांत गीतें रचवून घेऊन त्यांच्या ध्वनिफिती काढल्या. वैद्याचा जो उपदेश इंग्रजी पत्रकांतून पोहोंचेना, तो गाण्यांतून पोहोंचविण्याचा हा प्रयत्न होता.

शहरी श्रोत्यांपर्यंत हा प्रवाह कसा पोहोंचला, याचें उदाहरण योथू यिंडी या मंडळीचें. १९८८ सालीं आदिवासींनीं पंतप्रधान बॉब हॉक यांना बारुंगा येथें एक निवेदन सादर केलें, आणि त्यांनीं आदिवासींशीं करार करण्याचें आश्वासन दिलें. तें पाळलें गेलें नाहीं. त्यावर मंडावुय युनुपिंगु आणि सहकाऱ्यांनीं ‘ट्रीटी’, म्हणजे करार, हें गीत १९९१ सालीं प्रसिद्ध केलें. मूळ रूपांत तें नभोवाणीवर फारसें वाजलें नाहीं. पण नृत्याच्या ठेक्यावर नव्यानें बसविलेली त्याची आवृत्ति निघाली, आणि तें देशभर गाजून लोकप्रिय गीतांच्या यादींत ११ व्या क्रमांकापर्यंत चढलें. नाचणाऱ्या कित्येकांना योलंगु भाषेचें एक अक्षरही कळत नव्हतें. तरी त्या भाषेचा नाद त्यांच्या कानांत बसला, आणि पुढें कांहींनीं अर्थ विचारला.

यापुढील टप्पा गुरुमुल या गायकाचा. जन्मांध, एल्को बेटावरचा, डावखुरा. उजव्या हाताच्या गिटारीच्या तारा न बदलतां ती उलटी धरून वाजविणारा. २००८ सालीं निघालेल्या त्याच्या पहिल्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेंत बहुतेक गाणीं योलंगु भाषांत होतीं, आणि तीं यूरोपांतही ऐकिलीं गेलीं. जुलै २०१७ मध्यें तो वारला. मृत्यूपूर्वीं थोडेच दिवस पुरी झालेली त्याची ‘जारिमिरी’ ही ध्वनिमुद्रिका २०१८ सालीं ऑस्ट्रेलियाच्या विक्रीच्या यादींत पहिली आली. आदिवासी भाषेंतील ध्वनिमुद्रिकेस हा मान पूर्वी कधींही मिळाला नव्हता. तिच्यांत परंपरागत गीतांना पाश्चात्य तंतुवाद्यवृंदाची साथ असून, डिजरीडूचे लयबंध मोठ्या तंतुवाद्यांवर उतरविलेले आहेत. आज बेकर बॉय हा तरुण योलंगु भाषेंत जलद पठणाचीं गाणीं म्हणतो. २०१९ सालीं त्याला देशाचा सर्वश्रेष्ठ तरुण नागरिक म्हणून गौरविण्यांत आलें.

येथेंच नभोवाणीच्या शिष्टाचाराचा एक नाजूक प्रश्न येतो. पुष्कळ आदिवासी समाजांत मनुष्य वारल्यावर कांहीं काळ त्याचें नांव उच्चारीत नाहींत आणि त्याचा आवाजही ऐकवीत नाहींत. त्यामुळें आप्तांचें दुःख चाळवतें आणि मृताच्या प्रवासांत विघ्न येतें, अशी भावना आहे. म्हणून गायक वारला कीं त्याची गाणीं केंद्रावर बंद होतात, आणि कुटुंबाची अनुज्ञा आल्यावरच पुन्हा सुरू होतात. गुरुमुलचें नांव आणि चित्र वापरण्यास त्याच्या कुटुंबानें अनुमति दिली, म्हणूनच तें आज मोकळेपणानें घेतलें जातें. शहरांतील केंद्रचालकाला ही अडचण वाटेल. परंतु ध्वनिक्षेपक ज्यांच्या हातीं आहे ते कोणाचे आहेत, हें येथें तत्काळ कळून येतें. संग्राहक म्हणतो, मुद्रण झालें आहे, लावा. आप्त म्हणतो, थांबा, त्याच्या बहिणीला विचारूं.

आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर यांत आहे. गाणें तेंच असलें तरी काय ऐकवावें, केव्हां ऐकवावें, काय मुळींच ऐकवूं नये आणि कोणत्या भाषेंत त्याची ओळख करून द्यावी, हें ठरविणारा बदलला कीं त्याचा अर्थच बदलतो. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नभोवाणीनें आदिवासी संस्कृतीविषयीं जो कार्यक्रम अनेक वर्षें चालविला, त्याचें नांव ‘अवाये’. अरंडा भाषेंतील या शब्दाचा अर्थ ‘ऐका’. विनंतीचा आणि हक्काचा सूर त्या एका शब्दांत एकत्र आला आहे.

तथापि नभोवाणीनें सर्व कार्य सिद्धीस नेलें असें म्हणणें धाडसाचें होईल. भाषा अखेर आईच्या तोंडून मुलाला मिळते. यंत्र तिला केवळ आधार देऊं शकतें. आणि तो आधारही काढून घेतला जाऊं शकतो. उत्तर प्रांतांतील लघुलहरींचें प्रक्षेपण, जें १९८६ पासून दूरच्या रानांत साध्या यंत्रावरही ऐकूं येई, तें ३१ जानेवारी २०१७ रोजीं खर्चाच्या कारणास्तव बंद करण्यांत आलें. शहरांतील मनुष्याला एक वाहिनी गेल्यानें कांहीं उणें पडत नाहीं; रानांतील मनुष्याला कधीं कधीं तेवढीच एक असते.

अपरिचित लोकांचें संगीत ऐकणाऱ्या सुशिक्षित श्रोत्यास या हकीकतीवरून एक साधी संवय लावून घेतां येईल. गाणें आवडलें तर एवढ्यावरच न थांबतां, तें कोणत्या भाषेंत आहे, कोणत्या गांवचें आहे आणि गाणाऱ्याचें त्याच्याशीं नातें काय, हें विचारावें. ‘आदिवासी संगीत’ हें एकच नांव सर्वांना चिकटविणें म्हणजे ओवी, लावणी आणि पोवाडा यांना मिळून ‘देशी गाणें’ म्हणण्यासारखें आहे. आणि कांहीं गाणीं आपल्या कानांसाठीं नाहींत असें त्यांचे धनी म्हणतील, तर तेंही निमूटपणें मान्य करावें. शेजाऱ्याच्या घरीं बैठकीच्या खोलींत आपला सत्कार झाला, म्हणून त्याच्या देवघरांत शिरण्याचा हक्क आपणांस प्राप्त होत नाहीं.