सिंक झालं का? उत्तर आपल्या विकीतच दिसू द्या

रत्नागिरीजवळ आमची हापूसची थोडी कलमं आहेत. वाशीला किती पेट्या गेल्या, कोणाकडून किती येणं बाकी आहे, हा हिशोब मी टिडलीविकीत ठेवतो. ही ब्राउझरमध्ये चालणारी खासगी विकी जेरेमी रस्टनने २००४ मध्ये आणली. मी ती लॅपटॉपवर नोड जेएसवर चालवतो, त्यामुळे प्रत्येक नोंदीची वेगळी फाईल होते. दर तासाला आरसिंकची एक स्क्रिप्ट ते फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवते.

निदान मला तसं वाटत होतं. मे महिन्यात वळवाच्या पावसात लाईट गेली, परत आली, पण डिस्क काही जोडली गेली नाही. आरसिंकला मात्र तिच्या नावाचं रिकामं फोल्डर सापडलं. त्याने लॅपटॉपवरूनच लॅपटॉपवर कॉपी केली आणि ० हा कोड दिला, म्हणजे 'सगळं ठीक'. १९ दिवसांनी लॅपटॉपची एसएसडी गेली. बाबांच्या वहीत होतं तेवढं परत लिहिलं, बाकीचं गेलं.

आता स्क्रिप्टची स्थिती विकीच्या पहिल्याच पानावर दिसते. पहिल्यांदा मी स्क्रिप्टला नोंदीची फाईल थेट विकीच्या फोल्डरमध्ये लिहायला लावली. काहीच बदललं नाही! कारण सर्व्हर फाईली चालू होताना एकदाच वाचतो, नंतर फोल्डरकडे बघत नाही. म्हणून स्क्रिप्टने सर्व्हरलाच सांगायचं: कर्ल वापरून 'पुट' विनंती पाठवायची, पत्ता असा की शेवटी 'रेसिपीज, डिफॉल्ट, टिडलर्स' आणि मग नोंदीचं नाव. सोबत 'एक्स-रिक्वेस्टेड-विथ' हे हेडर हवंच, नाहीतर ४०३ येतो. उघड्या टॅबमध्ये बदल साधारण मिनिटभरात दिसतो, कारण ब्राउझर तेवढ्या अंतराने सर्व्हरला विचारत असतो.

पण खरी मेख पुढे आहे. मेलेली स्क्रिप्ट 'मी मेले' असं सांगू शकत नाही. तिने शेवटी लिहिलेलं 'यशस्वी' तसंच हिरवं दिसत राहणार. म्हणून 'यशस्वी' हा शब्द साठवूच नका, शेवटच्या यशाची वेळ साठवा आणि रंग विकीला ठरवू द्या. टिडलीविकीत 'डेज' नावाचा फिल्टर आहे. वेळ गेल्या एका दिवसातली असेल तर हिरवा, नाहीतर लाल. वेळ यूटीसीमध्ये लिहा बरं का. मी भारतीय वेळ लिहिली होती, त्यामुळे सिंक साडेपाच तास भविष्यात झाल्यासारखं दिसायचं.

आणि ० कोडवर विसंबू नका. मी डिस्कवर एक रिकामी खूणफाईल ठेवली आहे. ती दिसली नाही तर स्क्रिप्ट आरसिंक चालवतच नाही, थेट 'डिस्क नाही' लिहिते. आरसिंकने २३ दिला तर काही फाईली राहिल्यात, तेव्हाही यशाची वेळ बदलत नाही.

हे पान फोनवर बघायचं असेल तर सर्व्हर घरच्या वायफायला खुला करावा लागतो. तेव्हा युजरनेम आणि पासवर्ड आधी लावा, नाहीतर वायफायवरचा कोणीही हिशोब वाचेल, बदलेलही. हाच पासवर्ड मग स्क्रिप्टलाही द्यावा लागतो.

परवा पुन्हा लाईट गेली. मी ऑफिसात होतो. संध्याकाळी बाबांनीच फोन केला, "अरे, तुझं ते लाल झालंय."