मोठे भूकंप खरंच वाढलेत का?

फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तान आणि सीरिया, मार्च २०२५ मध्ये म्यानमार, त्याच वर्षी जुलैअखेर कामचाटका. अशा बातम्या येत राहिल्या की ‘हल्ली भूकंप फार वाढलेत’ हे वाक्य हमखास कानावर पडते. त्यामागची भीती खरी आहे, पण नोंदी वेगळेच सांगतात. १९०० पासूनचा हिशेब पाहिला, तर ७ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे भूकंप जगात वर्षाला सरासरी सोळा होतात आणि त्यांतला साधारण एक ८ च्या वर जातो. १९८९ मध्ये असे भूकंप जेमतेम सहा-सात झाले, तर २०१० मध्ये वीसहून अधिक. चढउतार भरपूर, तरी आलेख चढत गेलेला नाही. याचे कारण भूगर्भातच आहे. बहुतेक मोठ्या भूकंपांचा ताण भूपट्टांच्या सरकण्यातून साचतो. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकतो, आणि शे-दोनशे वर्षांत अशा वेगात फरक पडत नाही. ताण साचण्याची गती तीच असताना मोठे भूकंप दर दशकाला वाढत जाण्याचे कारण उरत नाही.

मग भूकंपांचे आकडे फुगलेले का दिसतात? १९३१ मध्ये जगभरात भूकंपमापन केंद्रे सुमारे साडेतीनशे होती. आज ती हजारोंनी आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय भूकंप माहिती केंद्रात आता वर्षाला वीस हजारांच्या आसपास, म्हणजे रोज पंचावन्न भूकंपांची नोंद होते. त्यांतले बहुतेक धक्के इतके लहान असतात, की शंभर वर्षांपूर्वी ते कुणाच्या गावीही नसते. मोठ्या भूकंपाच्या लहरी मात्र साऱ्या पृथ्वीतून फिरतात, त्यामुळे ७ च्या वरचा धक्का तेव्हाच्या उपकरणांतूनही सहसा सुटत नसे. म्हणून जुन्या-नव्या काळाची तुलना मोठ्या भूकंपांवरूनच करायला हवी, आणि त्या तुलनेत वाढ दिसत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप घेतला जातो. २००४ ते २०१२ या काळात सुमात्रा, चिली, जपान आणि हिंदी महासागर असे ८.५ च्या वरचे भूकंप लागोपाठ झाले. हा योगायोग कसा? पण १९५२ ते १९६४ या बारा वर्षांतही कामचाटका, चिली आणि अलास्का इथे ९ किंवा त्याहून मोठे भूकंप झाले होते, आणि नंतर चार दशके त्या आकाराचा एकही झाला नाही. फासा टाकताना लागोपाठ तीनदा सहा पडले, तर फासा बदलला असे होत नाही. पीटर शिअरर आणि फिलिप स्टार्क यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पश्चात्‌धक्के वगळून हेच तपासले आणि अशी गर्दी निव्वळ योगायोगानेही होऊ शकते, असे दाखवले. दुसरा आक्षेप माणसाच्या हस्तक्षेपाचा, आणि त्यात तथ्य आहे. ओक्लाहोमात तेल उत्पादनातले सांडपाणी खोल जमिनीत सोडल्यामुळे भूकंप झपाट्याने वाढले आणि त्यावर निर्बंध आल्यावर कमी झाले. कोयनेचा १९६७ चा भूकंपही जलाशयाशी जोडला जातो. पण हे परिणाम त्या-त्या परिसरापुरते असतात. जगातल्या मोठ्या भूकंपांची सरासरी त्यांनी हलत नाही.

भूकंप वाढले नाहीत म्हणून धोका वाढला नाही, असे मात्र मुळीच नाही. किल्लारीचा १९९३ चा भूकंप जेमतेम ६.२ तीव्रतेचा होता. ६ ते ६.९ तीव्रतेचे भूकंप जगात दरवर्षी शंभरावर होतात. तरीही पहाटे चारच्या सुमारास झोपेत असलेली हजारो माणसे गेली, कारण भिंती मातीत रचलेल्या जाड दगडांच्या होत्या आणि माथ्यावर माळवदाच्या मातीचा भार होता. दगड निसटले, भिंती फुटल्या, छत खाली आले. १९६४ चा अलास्काचा भूकंप ९.२ चा असूनही त्यात सुमारे १३० माणसे दगावली. किती जीव जाणार हे तीव्रतेइतकेच वस्ती, बांधकाम आणि वेळ यांवर ठरते. शहरे दाटीने वाढत असताना जुना, नेहमीचा धक्काही अधिक माणसांना गाठतो. ‘भूकंपच वाढलेत’ असे म्हटले की ही जबाबदारी नशिबावर जाते. ती आपल्याकडे घ्यायची, तर घर घेताना इमारतीचा आराखडा भूकंपरोधक मानकाप्रमाणे आहे का आणि तो कोणत्या अभियंत्याने तपासला, हे विचारायला हवे. जुन्या शाळा आणि रुग्णालयांच्या मजबुतीकरणाचा आग्रहही धरायला हवा. भूकंप थांबवणे आपल्या हातात नाही. भिंत कशी बांधायची, ते आहे.