समुद्रस्नानाच्या पाण्याचे जिवाणू-परीक्षण : मानके आणि मर्यादा

प्रस्तावना :
सार्वजनिक समुद्रकिनाऱ्यावरील पाणी स्नानास योग्य आहे किंवा नाही, हे त्याच्या रंगावरून ठरत नाही. मलमिश्रित सांडपाण्यातील रोगजंतूंमुळे जुलाब, उलट्या तसेच कान व त्वचेचे विकार संभवतात. प्रस्तुत लेखात या पाण्याच्या परीक्षणाची पद्धती व तिच्या मर्यादा यांचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

निर्देशक जिवाणू :
प्रत्येक रोगजंतूचा स्वतंत्र शोध घेणे खर्चिक व वेळखाऊ असते. म्हणून विष्ठेत विपुल आढळणारे जिवाणू ‘निर्देशक’ म्हणून मोजले जातात. भारतात स्नान व जलक्रीडेसाठीचे समुद्राचे पाणी ‘एसडब्ल्यू-२’ या वर्गात मोडते. त्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्मची इष्ट मर्यादा प्रति १०० मिलिलिटर १०० इतकी आहे. परंतु खारे पाणी व सूर्यप्रकाश यांत कोलिफॉर्म तुलनेने लवकर नष्ट होतात; एन्टेरोकोकाय अधिक काळ टिकतात. त्यामुळे कोलिफॉर्मची संख्या कमी आढळली म्हणजे धोका टळलाच, असे म्हणता येत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८६ मध्येच समुद्राच्या पाण्यासाठी एन्टेरोकोकाय हा निर्देशक सुचविला. २०१२ च्या तिच्या निकषांत त्यांची भूमितीय सरासरी प्रति १०० मिलिलिटर ३५ पर्यंत ग्राह्य धरली आहे.

कालावधीचा प्रश्न :
नळी-किण्वन पद्धतीने कोलिफॉर्मची संख्या निश्चित होण्यास दोन ते तीन दिवस लागतात. एवढ्या अवधीत भरती-ओहोटीची अनेक आवर्तने होऊन जातात. अहवाल हाती येतो तेव्हा तो कालच्या वा परवाच्या पाण्याचा असतो आणि स्नान करणारी व्यक्ती केव्हाच घरी परतलेली असते. महिन्यातून एकदा घेतलेल्या नमुन्यावरून किनाऱ्याची सर्वसाधारण स्थिती कळते. आजच्या स्नानाविषयी निर्णय घेता येत नाही.

यावर दोन उपाय आढळतात. कॅलिफोर्नियात पाऊस पडून गेल्यानंतर ७२ तास समुद्रस्नान टाळण्याचा सल्ला दिला जातो, कारण पावसाच्या लोंढ्याबरोबर रस्त्यांवरील व नाल्यांतील घाण समुद्रात येते. तेथे अहवालाची वाट पाहिली जात नाही. दुसरे असे की, तेथीलच सॅन दिएगो परगण्याने २०२२ पासून जनुकीय तंत्राने त्याच दिवशी निष्कर्ष देणारी चाचणी स्वीकारली आहे.

समारोप :
गिरगाव, दादर, जुहू यांसारख्या चौपाट्यांचा विचार करता पहिला उपाय अल्पखर्चाचा असून तो तत्काळ अमलात आणता येण्याजोगा आहे. किनारपट्टीवरील महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांनी आठवड्यातून एकदा नमुने घेऊन त्यासोबत पाऊस व भरतीची वेळ यांची नोंद ठेवल्यास प्रत्येक किनाऱ्यासाठी स्थानिक इशारा-नियम तयार करता येईल. मात्र तो मराठीत, ठळक अक्षरांत, पाण्यात उतरण्याच्या वाटेवरच लावला गेला पाहिजे; अन्यथा परीक्षण केवळ अहवालापुरतेच उरेल.