आशाताईच्या पिशवीतले संशोधन

संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढरा कोट, सूक्ष्मदर्शक यंत्र आणि काचेच्या नळ्या येतात. पण गावातील आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन करते, अंगाला हात लावून ते गार पडले नाही ना हे पाहते आणि घड्याळ समोर ठेवून त्याचे श्वास मोजते, तेव्हा तीही एका मोठ्या संशोधनाचाच वापर करीत असते. हे संशोधन प्रयोगशाळेत झालेले नाही. ते खेड्यात, घराघरांत फिरून झाले आहे आणि त्यामागे काही माणसांचे उभे आयुष्य खर्ची पडले आहे. त्यांपैकी एका प्राध्यापकाची ओळख आज करून घेऊ. त्यांचे नाव डॉ. कार्ल टेलर.

मसुरीजवळ जन्म, अमेरिकेत शिक्षण

डॉ. टेलर यांचा जन्म १९१६ साली मसुरीजवळच्या लंढौर येथे झाला. आईवडील मिशनरी डॉक्टर होते. बैलगाडीतून दवाखाना घेऊन गावोगाव फिरणाऱ्या कुटुंबात ते वाढले. पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातून ते डॉक्टर झाले आणि १९४७ मध्ये भारतात परतून उत्तर प्रदेशातील फतेहगढच्या रुग्णालयात काम करू लागले. फाळणीच्या काळात त्यांनी निर्वासितांवर उपचार केले. त्यानंतर सार्वजनिक आरोग्याचे उच्च शिक्षण घेऊन त्यांनी लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रोगप्रतिबंधक वैद्यकशास्त्राचा विभाग सुरू केला. १९६० च्या दशकात अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आंतरराष्ट्रीय आरोग्याच्या अभ्यासाचा विभाग त्यांनी उभारला.

खुर्ची बाल्टिमोरला असली तरी मन पंजाबच्या खेड्यात होते. त्यांना सतावणारा प्रश्न अगदी साधा होता. खेड्यातील मुले ज्या आजारांनी मरतात त्यांची औषधे उपलब्ध आहेत, मग मुले मरतात का? आणि डॉक्टर गावात नसेल तर मुलाला वाचवायचे कोणी?

नारंगवालचा प्रयोग

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी लुधियाना जिल्ह्यातील नारंगवाल आणि आसपासच्या गावांत १९६० च्या दशकात अभ्यास सुरू झाला. तो १९७४ पर्यंत चालला. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. काही गावांत मुलांना पूरक आहार दिला गेला. काही गावांत आजारांवर उपचार व प्रतिबंध यांवर भर होता. काही गावांत दोन्ही गोष्टी होत्या. आणि काही गावे तुलनेसाठी ठेवली होती. कोणत्या उपायाने किती फरक पडतो, हे अंदाजाने न सांगता मोजून सांगता यावे म्हणून ही सारी मांडणी.

गावात राहून काम करणाऱ्या परिचारिकांना खास प्रशिक्षण दिले गेले. त्या घरोघर जात, मुलांचे वजन करीत, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी पाजायला आईला शिकवीत आणि न्यूमोनियाची लक्षणे दिसताच पेनिसिलिन देत. डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने असे औषध द्यावे ही कल्पना त्या काळी अनेकांना पटणारी नव्हती. पण मुलांचे मृत्यू कमी झाल्याचे आकडेच बोलू लागले.

याच अभ्यासातून आणखी एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. मुलाचे वजन वयाच्या मानाने अपेक्षित वजनाच्या ८० टक्क्यांखाली गेले, की त्यापुढच्या प्रत्येक १० टक्के घटीला मृत्यूचा धोका साधारण दुप्पट होत जातो. म्हणजे अंगणवाडीतील वजनकाटा हा मुलाच्या जिवावरचा धोका दाखवणारे यंत्रच आहे. कुपोषणामुळे आजार बळावतो आणि आजारामुळे कुपोषण वाढते, हे दुष्टचक्र डॉ. टेलर यांनी नेव्हिन स्क्रिमशॉ व जॉन गॉर्डन यांच्यासह १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथात मांडले होते. नारंगवालने ते खेड्यात तपासून पाहिले.

संशोधनातून धोरणाकडे

संशोधनाचे कागद कपाटात पडून राहिले तर त्यांचा उपयोग काय? सप्टेंबर १९७८ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातील अल्मा-आटा येथे १३४ देशांचे प्रतिनिधी जमले आणि सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य हे ध्येय जाहीर झाले. प्राथमिक आरोग्यसेवा हा त्याचा पाया ठरला. या परिषदेच्या तयारीत सल्लागार म्हणून डॉ. टेलर यांचा मोठा वाटा होता.

पण पुढच्याच वर्षी वाद उभा राहिला. सगळे करायला पैसा नाही, तेव्हा मोजकेच रोग निवडून त्यांवर भर द्या, असे काही तज्ज्ञ म्हणू लागले. डॉ. टेलर यांचे म्हणणे असे, की ही निवड खोटी आहे. एखाद्या रोगाविरुद्धची मोहीमसुद्धा गावात विश्वासाचे माणूस आणि रोजची सेवा असेल तरच टिकते. सन २००० उलटून गेले, सर्वांसाठी आरोग्य काही आले नाही, आणि हा वाद अजूनही पुरता मिटलेला नाही.

जामखेड आणि गडचिरोली

आपल्या महाराष्ट्राशी या कामाचे नाते जवळचे आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. टेलर यांच्या हाताखाली शिकले. १९७० मध्ये त्यांनी जामखेडला काम सुरू केले. त्यांनी परिचारिकेच्याही पुढे एक पाऊल टाकले. गावातीलच, बहुधा निरक्षर, अनेकदा दलित समाजातील बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, त्यांच्या हाती गावाने आपली बाळे सोपवली. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हेही त्याच विद्यापीठात शिकले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत त्यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तेथे प्रशिक्षित गावकऱ्यांनी व दाईंनी मुलांचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखला आणि गोळ्या-औषधे दिली. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उपचार मिळालेल्या न्यूमोनियाच्या मुलांपैकी ०.८ टक्के दगावली. तुलनेच्या भागात हे प्रमाण १३.५ टक्के होते. त्यानंतर नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत झाला. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते.

२००५ मध्ये देशात आशा योजना आली आणि २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेणे हे आशाताईचे काम झाले. नारंगवालमध्ये विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे चार दशकांनी आपल्या दारात आले.

डॉ. टेलर थकले नव्हते. नव्वदीला टेकलेले असताना ते अफगाणिस्तानातील खेड्यांत आरोग्यसेविका घडविण्याच्या कामात होते. २०१० मध्ये वयाच्या ९३व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वाचकांनी काय करावे?

दवाखान्यात प्रसूती झाल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येणे अपेक्षित असते. प्रसूती घरी झाली असेल तर पहिल्या दिवशीही. ‘आमचे बाळ चांगले आहे’ म्हणून तिला उंबरठ्यावरून परत पाठवू नका. ती आली नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. तो तुमचा हक्क आहे.

श्वास मोजणे प्रत्येक आईला, आजीला शिकता येते. बाळ शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, झबले वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. सर्दी-खोकला असताना श्वास पुढीलप्रमाणे आढळले तर न्यूमोनियाची शंका घ्यावी :

• दोन महिन्यांच्या आतील बाळ : मिनिटाला ६० किंवा अधिक
• दोन महिने ते एक वर्ष : ५० किंवा अधिक
• एक ते पाच वर्षे : ४० किंवा अधिक

श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, दूध न ओढणे, झटके, गुंगी, ओठ निळे पडणे ही धोक्याची लक्षणे होत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास जलद झाला, त्याला ताप आला किंवा अंग गार पडले तरी क्षणाचा विलंब न करता रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. पुष्कळ ठिकाणी या आजाराला ‘डब्बा’ म्हणतात आणि पोटावर डागण्या देतात. डागण्यांनी न्यूमोनिया बरा होत नाही. उपचाराचा मोलाचा वेळ मात्र वाया जातो आणि जखम चिघळते ती वेगळीच. घरात उरलेले जुने औषधही आपल्या मनाने देऊ नये.

मोठी रुग्णालये हवीतच. पण मध्यरात्री बाळाला धाप लागते तेव्हा शहरातला तज्ज्ञ दूर असतो, आशाताई मात्र हाकेच्या अंतरावर असते. तिच्या पिशवीतला वजनकाटा, तापमापक आणि घड्याळ ही दिसायला साधी साधने आहेत. ती तिच्या हाती सोपवावीत हे सिद्ध करायला कित्येक गावे आणि कित्येक वर्षे लागली आहेत. तेव्हा ती पुढच्या वेळी दारात आली, की तिला आधी आत बोलवा आणि बाळाला तिच्या हाती द्या.